माझ्या वाटणीचा काढा

आमच्या ह्यांच्या पोटात माझी एक वस्तू आहे. त्यामुळे त्यांनी काय खायचं आणि काय नाही हे मी ठरवणार, असं मी येईल त्याला ठणकावून सांगत असे. वस्तू म्हणजे किडनी, माझी डावी. त्यांच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली आहे. तिथे हलकेच हात ठेवला तर हाताला लागते. ऑपरेशनला आता चार वर्षं होऊन गेली. मी तेव्हाही डबे करत होते, आताही करते. आमच्या धायरीत नोकरीसाठी येऊन राहिलेल्या वीस-बावीस मुलामुलींना सकाळ-संध्याकाळ माझा डबा जातो. हे बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात काउंटरला असतात. सगळं बेस चाललंय. पण पहिल्या वर्षात मी एक गाढवपणा केला होता. तो घरात सगळ्यांना माहीत आहे आणि अजून कुणी तोंडावर काढत नाही, म्हणून मीच सांगते.

ह्यांच्या दोन्ही किडन्या रक्तदाबापायी गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या दोन वर्षांत मी त्यांना पाणीसुद्धा मोजून दिलं. दिवसाचं एक लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचं पाणी आलं. भाज्या चिरून आधी भिजत घालायच्या, मग उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, का तर त्यातलं पोटॅशियम जावं. सगळा कस गेलेली ती भाजी हे खायचे आणि म्हणायचे, "छान. भाजीचा फोटो खाल्ल्यासारखं वाटलं." कधी म्हणायचे, "आज मीठ रजेवर आहे की राजीनामा दिलाय?" पेठेत वाढलेला माणूस. जिभेला हाड नाही. मला राग यायचा, पण निदान घरात आवाज तरी असायचा.

मग किडनी कोण देणार हा प्रश्न आला. सासू-सासरे नाहीत. धाकटे दीर म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांचा विचार अजून चालू आहे. माझा रक्तगट जुळत होता. तपासण्या झाल्या, मी म्हटलं, घ्या माझी. हे आठ दिवस नाही नाही करत होते. नवव्या दिवशी डायलिसिसवरून आले, जिन्यात बसले आणि त्यांना उठवेना. तेव्हा मी विचारलंच नाही, सरळ डॉक्टरांना फोन करून होकार कळवला.

माझ्या आईला ते अजिबात पसंत नव्हतं. माहेर इथंच, धायरी गावठाणात, चालत दहा मिनिटांवर. आमची शेती गेली, तिथे इमारती आल्या, पण घरामागचा तुकडा आईनं कुणाला हात लावू दिला नाही. तिची भाषाही तिनं बदलू दिली नाही. ती म्हणाली, "त्येंचं दुखणं मला दिसत न्हाई का? दिसतंय. पण तू माजी लेक हाय. तुला कापत्यात त्ये मी कसं बघू?" ऑपरेशनच्या दिवशी ती हॉस्पिटलात आली, सबंध दिवस बाकावर बसली आणि जावयाशी एक शब्द बोलली नाही. मला शुद्ध आल्यावर मात्र माझे पाय चेपत राहिली.

ऑपरेशन झालं आणि घरातले सगळे नियम उलटे झाले. काल ज्याला पाण्याकडे बघायचीसुद्धा चोरी होती, त्याला आता रोज तीन लिटर प्यायचं होतं. पहिले पंधरा दिवस ह्यांच्या हाताला सवयच होईना. पेला भरून दिला तरी अर्धाच पीत आणि माझ्याकडे बघत. रिपोर्ट बघून डाळ, अंडी, पनीर सगळं सुरू झालं, कारण जखम भरायला प्रोटीन लागतं. मीठ मात्र कमीच. साखर जपून, कारण स्टेरॉइडच्या गोळीनं ती चढते. कच्चं काही नाही, बाहेरचं काही नाही, फळ खायचं ते स्वच्छ धुऊन, साल काढून. पपनस आणि त्याच्या जातीचं फळ तर घरातच आणायचं नाही, त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. एके दिवशी मी टोमॅटोचं सार केलं, दोन वर्षांनी पहिल्यांदा. ह्यांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटून बसून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले. इतकी मी आयुष्यात सुखानं कधी रडले नव्हते.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली होती, ती मी फ्रिजवर लावली. त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "कुठलीही जादाची गोळी, पावडर, टॉनिक, औषध, आम्हाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही." मी म्हटलं, बाई, तुम्ही निर्धास्त राहा. आणि खरंच मी वाघिणीसारखी दारात उभी राहिले. कारण आपल्याकडे माणूस आजारातून उठला की अख्ख्या गावाला डॉक्टरकीची परीक्षा द्यावीशी वाटते. कुणी कोरफडीचा रस आणला, कुणी प्रोटीनची डबा-डबाभर पावडर. खालच्या मजल्यावरचे काका कसल्यातरी पानांचं चूर्ण घेऊन आले आणि म्हणाले, किडनी नव्यासारखी होते. हे म्हणाले, "नवीच आहे. बिल दाखवू का?" काका पुन्हा आले नाहीत. मीही प्रत्येकाला चहा पाजून, वस्तू परत देऊन वाटेला लावलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ड जीवनसत्त्वाची पुडीसुद्धा मी चिठ्ठीवर दोनदा वाचून मग द्यायची. मला स्वतःचा फार अभिमान होता.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा नीट बघितली नाही. हे बाहेरच्यांना तसेच टोले हाणत होते, पण मला काही बोलेनासे झाले होते. दुधी वाढला, खाल्ला. दोडका वाढला, खाल्ला. चार दिवस लागोपाठ मुगाची खिचडी झाली, तरी हूं की चूं नाही. तीस वर्षं ज्यानं माझ्या आमटीला नावं ठेवली तो माणूस ताट पुसून खात होता आणि "मस्त झालंय" म्हणत होता. मी शेजारणींना सांगायची, "डॉक्टरांनी किडनीबरोबर जीभपण बदलून दिली बरं का." आम्ही खूप हसायचो.

आठ-नऊ महिने झाले असतील. सगळीकडे तापाची साथ होती. माझा डबा घेणारी निम्मी मुलंच आजारी होती. तेव्हा एका सकाळी आई आली, काखेत पिशवी. पिशवीत गुळवेलीच्या कांड्या. घरामागच्या कडुलिंबावर चढलेली ती वेल, आमच्या लहानपणी कुणाला ताप आला की आई तिचाच काढा द्यायची.

"ही तुज्यासाठी आणलीया," ती म्हणाली. "निम्मी तर उरलीयास. वर ह्ये वीस डबं. समदी त्येंना इचारत्यात, बरं हाय का, पाणी पिता का. तुला कोण इचारतंय? बोटभर कांडी ठेचायची, दोन कप पाण्याचा एक कप करायचा, सकाळी अनशापोटी घ्यायचा. ताकद येती, आजार जवळ येत न्हाई."

खोटं नव्हतं ते. मला एकच किडनी उरली होती, मलाही पाणी भरपूर प्यायचं होतं, मीठ बेतानं खायचं होतं, अंग दुखलं तरी मनानं दुखण्याची गोळी घ्यायची नव्हती. पण दुसऱ्या कुणी विचारायचं दूरच, मी स्वतःच ते सगळं विसरून जायची. आईला माझी आठवण होती. मी तिच्यासमोरच कांडी ठेचली, काढा केला आणि प्यायले. कडूजहर! आई समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काढा कपात गाळला आणि माझा हात थांबला. आपल्या बायकांचं हे जे काही आहे ना, त्याला काय म्हणावं मला कळत नाही. माहेरून तूप आलं, पहिली धार नवऱ्याच्या वरणावर. आईनं लेकीसाठी डिंकाचे लाडू दिले, लेक डबा उघडून आधी सासरच्यांना वाटणार आणि शेवटी स्वतः चुरा खाणार. आपल्याला आणलेली चांगली गोष्ट आपणच घेतली तर घशाखाली उतरत नाही. मला वाटलं, मी धडधाकट बाई, मला काय धाड भरलीय? साथ चालू आहे, ह्यांच्या अंगात जोर कमी, ह्यांनाच गरज जास्त. अर्धा कप मी त्यांना दिला. आठवडाभरानं पूर्ण कप त्यांना द्यायला लागले. आई फोनवर विचारायची, "घेतीस न्हवं?" मी म्हणायची, "घेते गं." खोटं बोलायची, सरळ.

तुम्ही म्हणाल, फ्रिजवर यादी होती, बाईंनी बजावलं होतं, मग? तेच तर. काढा मला औषध वाटलाच नाही. पावडर, गोळ्या, डबे, ते सगळं बाहेरचं. ही आमच्या दारची वेल, आईच्या हातची. ज्याच्यावर वाढलो त्याची कुणी डॉक्टरांकडे परवानगी मागतं का? आणि माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी आजारी पडलं नव्हतं. वीस घरची पोरं माझ्या जिवावर जेवत होती.

महिन्याच्या तपासणीत ह्यांचं क्रिएटिनिन एक पॉइंट दोनचं एक पॉइंट पाच आलं. ते किडनीचं प्रगतिपुस्तक. आकडा वाढला की समजायचं किडनी थकली. डॉक्टर बाईंनी गोळ्यांच्या वेळा विचारल्या, पाणी विचारलं, मग विचारलं, "बाहेरचं काही खाण्यात आलं का?" मी गर्रकन ह्यांच्याकडे वळले. बुधवार पेठ! दहा पावलांवर वडे तळत असतात.

"तुम्ही वडा खाल्लात," मी रिक्षातच सुरू झाले.

"नाही."

"मग मिसळ."

"नाही गं."

"माझ्या पोटाला चिरा देऊन काढलीय ती. तुमच्या जिभेच्या चोचल्यांसाठी नाही दिली!"

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. हे बाहेर रस्त्याकडे बघत राहिले. घरी आल्यावरही मी सोडलं नाही. शर्टाला तळणाचा वास येतो का बघितलं. दुकानाच्या मालकांना फोन करून विचारलं, चक्क! ते बिचारे म्हणाले, "अहो वहिनी, डबा सोडून तो पाण्यालासुद्धा शिवत नाही." मला वाटलं, हेही सामील आहेत. चौथ्या दिवशी जेवताना मी पुन्हा तेच काढलं, तेव्हा हे हळूच म्हणाले, "बरं, खाल्ला असेल एखादा." मी म्हटलं, बघा, निघालं की नाही तोंडातून! आणि आता किडनीला आधार हवा म्हणून काढा दोन वेळा सुरू केला.

दहा दिवसांनी आकडा दोनच्या वर गेला. त्याच दिवशी ह्यांना दाखल करून घेतलं. किडनीचा बारीकसा तुकडा सुईनं काढून तपासला आणि डॉक्टर बाईंनी मला बाहेर बोलावलं. त्या म्हणाल्या की ह्यांच्या शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली आहे. वेळेत आलोय, तीन दिवस इंजेक्शनं देऊ, सावरेल अशी आशा आहे, पण खात्री आत्ता देता येत नाही. मी भिंतीला टेकले.

"औषधांची पातळी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग हे कशानं झालं ते शोधतेय. नीट आठवा. घरचं काही? रस, पूड, काढा?"

"काढा देते," मी म्हटलं. "पण तो घरचाच आहे. गुळवेलीचा. प्रतिकारशक्तीसाठी."

डॉक्टर बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं. ही किडनी आपली नाही, परकी आहे, हे ह्यांच्या शरीराला पक्कं ठाऊक आहे. ते तिच्यावर धावून जाईल म्हणून रोज दोन वेळा गोळ्या देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम झोपवून ठेवायची असते, जन्मभर. "आम्ही झोपवत होतो आणि तुम्ही रोज सकाळी हलवून उठवत होता," त्या म्हणाल्या. "नुसत्या काढ्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो आजपासून पूर्ण बंद. आणि घरचं असो की दारचं, मला विचारल्याशिवाय काही नाही."

मी माझ्याच किडनीवर उठले होते. वड्याला शिव्या देत होते आणि विष माझ्या गाळणीतून उतरत होतं. आणि त्यांनी न खाल्लेल्या वड्याची कबुली मी त्यांच्याकडून वदवून घेतली होती. जळो ते शहाणपण माझं!

संध्याकाळी आई आली. तिच्यापासून लपवायचं बळ माझ्यात नव्हतं, सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "त्यो तुज्या वाटणीचा हुता गं. येक गोष्ट तरी तुज्यासाठी ठिवायची." आणि उठून जावयाच्या खोलीत गेली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्याशी आपणहून बोलली. "माज्या वेलीनं तुमाला तरास झाला," ती म्हणाली. हे म्हणाले, "वेलीला काय बोल लावायचा? ती तिच्या झाडावर होती." आईला हसू आलं, रडूही आलं. तिनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

तीन दिवस इंजेक्शनं झाली. त्या तीन दिवसांत मी नाही नाही ते नवस मनात बोलून घेतले. चौथ्या दिवशी सकाळी आकडा आला, एक पॉइंट सात. उतरतोय! डॉक्टर बाई पहिल्यांदा हसल्या. त्या गेल्यावर मी ह्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसले आणि इतके दिवस घशात अडकलेलं बाहेर पडलं.

"मला माफ करा. वडा खाल्ला नव्हतात ना?"

"नव्हता."

"मग खाल्ला असं का म्हणालात?"

"तू थांबेनास म्हणून."

"आणि तो काढा? इतका कडू! तीस वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवलीत. दुकानात गिऱ्हाइकाला एका वाक्यात गार करता. खालच्या काकांना दारातून परत पाठवलंत. मला एकदा तरी म्हणायचं होतंत, नको म्हणून. मी रागावले असते, पण दिला नसता!"

हे सलाइनच्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला नको म्हणायला मला तोंड राहिलंय का?"

वर्षभर मी ज्याला शहाणपण समजत होते, शेजारणींना हसून सांगत होते, ते हे होतं. हा माणूस माझ्या घरात वर्षभर मिंधा होऊन जेवत होता. दुधी असो की कडू काढा, मुकाट गिळून माझ्या पुढ्यात बसून उपकार फेडत होता. आणि मी येता-जाता "माझी किडनी, माझी किडनी" म्हणून त्याला आठवण करून देत होते.

"अहो, तुम्ही मेला असतात तर मी काय केलं असतं, सांगा ना मला," मी म्हटलं. मला असं काही म्हणायचं नव्हतं, पण तेच तोंडात आलं. "तुम्ही हवे होतात म्हणून दिली. माझ्यासाठी दिली. माझ्या स्वार्थासाठी. आता ती तुमची. यापुढे मी तिला माझी म्हटलं तर मला बोला."

त्यांनी माझा हात धरून ठेवला, इतका घट्ट की सुई टोचलेल्या जागी त्यांनाच दुखलं असणार.

थोड्या वेळानं हॉस्पिटलचा नाश्ता आला. झाकण काढलं, बिनमिठाचा सांजा, गार झालेला. मी सवयीनं चमचा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग ताटली हातानं बाजूला सारली.

"नको," ते म्हणाले. "हा सांजा नाही, गिलावा आहे."

मला इतका आनंद झाला की मी तो चमचा तसाच हातात धरून हसत बसले.